तळघरातून, पाचव्या संचालिकेबद्दल

माझ्या सव्वीस हिवाळ्यांत ही पाचवी.
आधीचे चौघे वरच्या मजल्यावरचे:
एकाचा फोटो माहीत, एकाची सही,
एकाची गोल्फची गाडी,
आणि एक, दारावर पाटी लागण्याआधीच
मोठ्या पगारावर टेक्सासला गेलेला.

आर्डिस क्वाम्मे जानेवारीत आली.
उणे एकतीस. पार्किंगमधल्या गाड्या
हीटरच्या वायरींना बांधलेल्या,
दावणीला गुरं बांधावीत तशा.
ती जिना उतरून थेट खाली, लॉन्ड्रीत.
कोटही न काढता म्हणाली,
"डेल्मर, मशिनं किती? चालतात किती?"
सहा. चालतात चार.
"आणि मुलींचे कपडे कुठल्या वारी धुतोस?"

सोमवारी फुटबॉल, मंगळवारी बास्केटबॉल,
बुधवारी कुस्ती.
मुली, मशीन रिकामं असेल तेव्हा.
असं कुणी ठरवलं नव्हतं.
असलं काही कुणाला ठरवावं लागत नाही.

दोन आठवड्यांनी सातवं मशीन आलं.
नवा स्कोअरबोर्ड लांबणीवर पडला,
देणगीदारांपैकी बीटवाला हॅल्व्हर्सन
तिच्या खोलीत तासभर ओरडला म्हणे.
नव्याची नवलाई, मी बायकोला म्हणालो.

मार्चमध्ये तिने फुटबॉलच्या कोचला
क्रॉस-कंट्रीच्या पोरांबरोबर व्हॅनमध्ये बसवलं,
बिलिंग्जपर्यंत. मागच्या सीटवर,
गुडघे हनुवटीला, मांडीवर केळ्यांची पेटी.
परत आला तो कंबर धरून.
एप्रिलच्या बैठकीत स्वतःच्या दोन बसफेऱ्या
त्यानेच सोडल्या, कुणी न मागता.
त्या बैठकीत प्रत्येकाने आपापलं
हातचं राखून ठेवलेलं बाहेर काढलं.
ट्रॅकच्या वेन्डेल ऑस्टबीकडे होते सहा हर्डल्स,
पोरांनी केक विकून घेतलेले,
तेसुद्धा त्याने यादीत लिहिले,
लाजत.

एवढं चांगलं सांगितलं.
आता पोहण्याचं.

तलाव गळत होता. आकडे तिने मलाही दाखवले,
का ते ठाऊक नाही. मी टॉवेलवाला माणूस.
एकोणीस पोरं, त्यातल्या नऊ मुली.
पेपरात छापून यायच्या आदल्या दिवशी
ती स्वतः गेली, काठावर उभी राहिली
आणि सांगितलं. कागदावरून वाचलं नाही.
लायल फिंकने विचारलं, चश्मा कपाळावर,
"मग उद्यापासून आम्ही कोण?"
ती बोलली नाही.
तिच्या चांगल्या बुटांत पाणी शिरत होतं
आणि ती हलली नाही.
दाराआड मी, हातात एकोणीस टॉवेल.

पाणी उतरायला तीन दिवस लागले.
रोज संध्याकाळी ती येऊन बसायची
लाकडी बाकावर, डबा न उघडता.
प्रायश्चित्त म्हणून, की पंपाचं बिल तपासायला,
मला आजही सांगता येणार नाही.
विचारलं नाही.
तळाशी सापडली एक केसांची पिन,
तीन नाणी, आणि कुणाचं तरी शिट्टीचं पितळ.

विक्रमांचा फळा कुठे लावू, तिने मला विचारलं.
वर सगळीकडे जागा होती.
त्या फळ्यावर चौथ्या ओळीत माझा मुलगा आहे,
बटरफ्लाय, दोनशे मीटर.
हे तिला माहीत होतं की नव्हतं,
याचाही मी छडा लावलेला नाही.
खाली, म्हणालो. सातव्या मशीनच्या वर.

वाफेने अक्षरं धुरकटतात. मी पुसतो.
मुलींचे कपडे आता सोमवारी.
वरून कुणीतरी सांगत होतं की तिला
मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलंय.
जाईल. किंवा नाही जाणार.

काल भालाफेकीतली एक नवी पोरगी
मोजे न्यायला आली, फळा वाचत उभी राहिली.
"हे लोक पोहतात कुठे?"

मोजे ओले आहेत अजून, मी म्हणालो.
दहा मिनिटं थांब.