डावीकडचा समुद्रघोडा

माझी फिट मी कधीच पाहिलेली नाही.
ती पाहिली गोळीबार चौकातल्या भाजीवालीने,
आणि एका अनोळखी माणसाने,
ज्याने माझ्या नाकाशी स्वतःची चप्पल धरली.
माझ्या वाट्याला फक्त आधीचा वास,
वरण करपल्याचा, चूल थंड असताना,
आणि नंतरची चावलेली जीभ.

मेडिकलमध्ये नंबर लागला दोन महिन्यांनी.
कानातले काढा, पिना काढा.
ताजबागचा ताईत आईनेच दंडावरून सोडला,
पदराच्या टोकाला गाठ मारली.

‘अजिबात हलायचं नाही, चाळीस मिनिटं.’
मला सांगत होता.
मला हसू आलं, तर म्हणाला, हसायचंही नाही.

आत ठकठक, मग खडखड, मग पुन्हा ठकठक.
टांडापेठेतला आमचा माग विकला
त्याच्या आदल्या रात्री बाबा उगाच चालवत बसले होते,
धोट्यात सूत नसताना.
तसंच काहीतरी.

डॉक्टर चांडकांनी पडद्यावर पेन टेकवलं.
हे दोन्ही बाजूंना दोन, समुद्रघोड्याच्या आकाराचे.
उजवा भरलेला.
डावा बघा, सुकलाय. जुना व्रण आहे.

मी समुद्र पाहिलेला नाही.
झीरो माइलच्या दगडापासून तो कुठल्याही बाजूला लांबच.

‘लहानपणी तापात झटके आले होते?’

आई पदराची गाठ चाचपत राहिली.
‘नवतपा होता जी. अकरा महिन्याची होती.
अर्धा घंटा डोये पांढरे.
ऑटो नाही भेटला.
मीच म्हनलं, उतरन ताप.’

सव्वीस वर्षांत हे कुणालाच माहीत नव्हतं.
बाबांनाही.

‘तुमची चूक नाही,’ डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले.
आता साखरेचं स्कॅन करू.
मेंदूचा जो भाग साखर कमी खातो
तो अंधारा दिसतो.
दोन्ही चित्रांनी एकाच जागेवर बोट ठेवलं
तर ऑपरेशनचं बोलू. नुसतं बोलू.

बाहेर ऊन रटरटत होतं.
आईने पाकिटातून फिल्म काढली,
सूर्यासमोर धरली,
आणि शोधून शोधून
बोट ठेवलं डावीकडे.

फिल्मवर डावं उजवीकडे असतं,
डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

ती चांगल्या घोड्यावरून हात फिरवत राहिली.
मी काही बोलले नाही.
ताईत अजून गाठीतच होता.