मागचा डावा

उटण्याची वाटी अजून मोरीच्या फळीवर आहे
आणि आम्ही कुर्ल्याला, सीएसटी रोडवर,
दोन टायर घ्यायला आलोय.
पुढचे गेल्या वर्षीच बदलले, राहिले मागचे.
पर्समध्ये भिशीचे साडेबारा हजार.
डिसेंबरात सिन्नरला लग्न,
पहाटे कसाऱ्याच्या घाटात धुकं, दवानं ओला रस्ता.
मुंबईची थंडी म्हणाल तर
पंखा चारावरून दोनावर येतो, एवढीच.

तय्यब परकार मूळचे दापोलीचे.
बाकावरचे पाने बाजूला सारून म्हणाले, बसा वहिनी.
मग रुपयाचं नाणं टायरच्या खाचेत उभं धरलं.
जवळजवळ सगळं नाणं बाहेर.
"यावर पाऊस काढलात?"
काढला, मी म्हणाले.
काढतोच ना आपण एखादं वर्ष
गळक्या खोलीत बादली सरकवत.

बत्तीसशेचा एक, नाव कधी न ऐकलेलं.
एक एक्केचाळीसशेचा.
एक पंचावन्नशेचा, तोच घ्यायचा ठरवून आलो होतो.
कोपऱ्यात रिमोल्ड,
जुन्या अंगावर नवी साल.
"ते सोडा," परकार म्हणाले,
"पोरं बसतात त्या गाडीला नको."

मधल्यावर हात ठेवून श्रीरंगनं विचारलं,
"हा सगळ्या ऋतूंना चालेल?"
"ऊन, पाणी, थंडी, तिन्हीत मध्यम.
कशात पहिला नंबर नाही,
पण नापासही कुठं होत नाही."
मला श्रीरंगकडे बघून हसू आलं.
तो हवेच्या मशीनकडे बघत होता.

मागचा डावा जास्त झिजला होता.
आतल्या कडेला तर पार गुळगुळीत.
तिथंच आबा बसायचे,
खिडकीची काच चार बोटं खाली,
सायनच्या डॉक्टरांकडे जाताना आणि येताना,
तीन वर्षं, दर मंगळवारी.
मी परकारांना तसं म्हणालेही.
ते म्हणाले, "नाही हो.
खड्डा बसलाय, चाक कललंय.
माणसाच्या वजनानं एवढं होत नाही."
बरोबरच असणार त्यांचं.

मग श्रीरंग उगाच म्हणाला, स्टेपनी पण बघून टाका.
डिकी उघडली. सतरंजी काढली,
छत्री, पाण्याचा कॅन,
आबांची घडीची खुर्ची
(ही अजून इथंच आहे का, असं दोघंही म्हणालो नाही).
खाली स्टेपनी, अंगावर केससुद्धा तसेच,
रस्ता एकदाही न पाहिलेली.
परकारांनी बाजूवरचे चार आकडे अंगठ्यानं पुसले.
सोळावा आठवडा, सतरा साल.
नख दाबलं तर बारीक भेगा उघडल्या,
हिवाळ्यात टाचांना पडतात तशा.
"ही गेली."
पण ही कधी चाललीच नाही!
"न चालता पण जाते वहिनी.
रबर आहे."

आता दोनाचे तीन.
मी बिलाच्या मागेच हिशोब मांडला:
पंचावन्नशेवर काट,
एक्केचाळीसशे गुणिले तीन,
वजा जुन्या तिघांचे साडेचारशे,
अलाइनमेंट, बॅलन्सिंग मिळून सहाशे.
पन्नास उरले.
त्यातून तीन कटिंग आले,
परकारांनी स्वतःच्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

जुने तीन भिंतीला टेकवून ठेवले त्यांच्या पोरानं.
डावा कुठला ते आता
मलाही सांगता आलं नसतं.
"पहिले शंभर किलोमीटर जपून," परकार म्हणाले,
"वरचं मेण जाऊ दे. ब्रेक लवकर दाबा,
तुम्ही उशिरा दाबता."
हे त्यांना कसं कळलं, श्रीरंगनं विचारलं नाही.

चेंबूरच्या पुलावर चढलो.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, रेडिओ कमी केलास का?
मी म्हणाले, लावलाच नव्हता.