आगर

सॅम्पल आलं तेव्हा नाव वाचलं नव्हतं.
डबीत हिरवट बेडका, झाकणावर चिकटपट्टी:
पुरुष, तेवीस, अतिदक्षता, पाचवा दिवस.
खाली निवासी डॉक्टरचं घाईतलं अक्षर:
*बुडाला होता.*

होता.
जणू तो विषय संपला.

मग नाव. इनास कुलासो, आगरवाडा.
माझाच गाव.
शापोऱ्याच्या काठची तीच मानस,
जिची फळी भरतीला अडकते
आणि सोडवायला दरवेळी कोणीतरी उतरतं.

रोहिदास मांद्रेकरनं केसांना धरून काढला म्हणे.
पालथा घातला, पाठीवर थापा मारल्या,
पाणी ओकला, डोळे उघडले,
पहिला प्रश्न: माझी दुसरी चप्पल कुठाय?
सगळे हसले. वाचला.
एस्पेरांसबायनं खुरसाकडे मेणबत्ती लावली,
माझ्या बाबांनी राखणदाराला नारळ ठेवला,
कोणी वडापाव आणले.

तिसऱ्या रात्री ताप.
श्वास घेतला की छातीत
सुकलेल्या झावळ्यांवरून कोणी चालल्यासारखं.
एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी,
मार्चमधल्या मिठागरासारखी.

बाबांच्या आगरात पांढरं दिसू लागलं
की आई उधारीची वही काढायची, खुशीत.
बांबोळीत, त्या उजेडाच्या पेटीवर, पांढरं दिसलं
की डॉक्टर चष्मा काढून पुसतात.

आमच्याकडेही आगरच असतं, फक्त काचेतलं,
रक्त घालून थिजवलेलं, तळहाताएवढं.
मी त्यात तारेचं कडं फिरवते,
बाबा खोरं ओढायचे तसं, न ढवळता, वरच्यावर.
रात्रभर सदतीस अंशांवर ठेवते.
सकाळी झाकण उघडलं
आणि गावचं पाणी उगवलेलं:
करड्या टिकल्या, कडेनं रक्त विरघळून
प्रत्येकीभोवती एक स्वच्छ खळं.
नाकाला ओळखीचा वास आला. की मला तसं वाटलं?
वास घ्यायचा नसतो, नियम आहे.

बाबांना फोनवर सगळं सांगू नये, तरी सांगितलं.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, पाणी काय गो, ओहोटीला आपणच निघतं.
गाळ बसतो.
मानशीतला गाळ काढायला
आम्ही सातजण, चार दिवस,
आणि ते उघड्यावर.

चार दिवस. इनासला बावीस लागले.
एक औषध चाललं नाही, दुसऱ्यानं मूत्रपिंड दुखावलं,
नवव्या दिवशी एका प्लेटीवर कापसासारखी बुरशी आली,
जिचं नाव मी पुस्तकात तीनदा पाहिलं
आणि मोठ्यानं एकदाही उच्चारलं नाही.
जिन्यात एस्पेरांसबाय भेटायची. विचारायची,
बाय, आज काय पिकलं?
तिला तो शब्द कोणी दिला ठाऊक नाही.
मी म्हणायचे, अजून पिकतंय.

विसाव्या दिवशीची प्लेट रिकामी.
खात्री नको म्हणून आणखी एक रात्र ठेवली.
रिकामीच.
रिपोर्टावर लिहिलं: वाढ नाही.
बाबांच्या वहीत असं एक वर्ष आहे,
अवकाळी पावसाचं. पानभर काहीच नाही,
कोपऱ्यात फक्त तारीख आणि शिसपेन मोडल्याची खूण.
मी तो कागद स्वतः वर घेऊन गेले. लिफ्ट होती, तरी जिन्यानं.

इनास खाटेवर बसला होता, गळ्यात रुमाल.
परिचारिकेनं पाणी दिलं.
त्यानं ग्लास उजेडाकडे धरला,
आरपार पाहिलं,
मग प्यायला. एक घोट. थांबला. खोकला.
आम्ही तिघीही थांबलो.
दुसरा घोट.

खाली येऊन जुन्या प्लेटी गोळा केल्या, अकरा.
त्या ऑटोक्लेव्हात घालायच्या, एकशेएकवीस अंश, मग पिशवी, मग गाडी.
दार लावताना हात जरा रेंगाळला.
बाहेर काढल्या तेव्हा सगळं वितळून एकजीव झालेलं,
तपकिरी,
आणि या वेळी मात्र, नियम असो वा नसो,
ओहोटीच्या मानशीचाच वास होता.