साडेबारा टक्के

प्रफुल्ल गजभियेच्या एक्सेलमध्ये
सोळा दिवसांत अकरा गावं होती.
प्रत्येक गावापुढे रंगीत चौकट, हॉटेलचं नाव,
आणि पहाटे साडेपाचचा गजर.
सूसम्मा म्हणाली, "छत्तीस वर्षं नाइट ड्यूटी केली मी.
आता गजर लावून मला कुणी पोर्तुगाल दाखवू नका."

मग काम माझ्याकडे आलं.
सिडकोत एकतीस वर्षं आरेखक होते मी.
कपाटावरून ट्रेसिंग पेपरची सुरळी काढली,
बेलापूरच्या या जेवणाच्या टेबलावर अंथरली.
कागद परत परत गुंडाळून घ्यायचा स्वतःला,
म्हणून चार कोपऱ्यांवर
लोणच्याची बरणी, चष्म्याचं घर,
सूसम्माच्या केळा वेफर्सचा डबा
आणि हिराजीचा तळहात.

खोडत गेलो.
सिंट्रा गेलं, तिथे चढ फार.
कोइंब्रा गेलं, तेव्हा प्रफुल्लने
स्वतःची जमीन गेल्यासारखं तोंड केलं,
आणि हिराजीकडे बघून पटकन आवरलं.
पारसिकच्या टेकडीवर सकाळी चालतो आपण
या बाकापासून त्या बाकापर्यंत,
तेवढ्याच बेताने जायचं, असं ठरलं.
लिस्बन पाच, एव्होरा तीन, पोर्टो चार,
येण्याजाण्याचे दोन.
"दोन उरले," मी म्हटलं.

हिराजी तोवर बोललाच नव्हता.
"ते माझं," तो म्हणाला.
"सोलाचं साडेबारा टक्के. मोजून बघ."

प्रफुल्लने खरंच मोजलं. बरोबर दोन.
सूसम्मा इतकी हसली की डबा सरकला
आणि कागदाचा एक कोपरा सुटला.
मीही हसले, पण माझं हसू
मधेच कुठल्याशा बांधाला अडलं.

पंचाऐंशी साली माझ्या बोर्डवर
खाजण म्हणजे नुसता पांढरा कागद होता.
नऊ वर्षांचा हिराजी तिथे
भरतीच्या आधी पळत जाऊन उघाडीचं दार पाडायचा,
खारं पाणी भातात शिरू नये म्हणून.
हे कुठल्याच शीटवर नव्हतं.
मी टी-स्क्वेअर टेकवला आणि रेघ ओढली,
सुबक, एका दमात.
साहेबांनी कौतुक केलं होतं.

टेकडीवर ओळख झाली त्या दिवशी
नाव, खातं, निवृत्ती, सगळं विचारून तो म्हणाला होता,
"तुमाला नाय वलखत मी.
पण तुमची रेघ वलखतो. आमच्या बांधावरनं गेलीय."
आणि खिशातून आवळासुपारी काढून पुढे केली.

आता त्याने बोट ठेवलं
लिस्बन आणि पोर्टोच्या मधे, किनाऱ्याला,
जिथे जमीन आणि पाणी यांचं अजून ठरलेलं नाही.
आवेरो.
"तिथं मिठागरं हायेत म्हणतात."
"बघायचं काय तिथे?" प्रफुल्लने विचारलं,
रिकामा रकाना त्याला दुखतो.
"काय नाय. बसीन.
त्यांनी अजून ठेवली कशी, तेवडं इचारीन."
"कोणत्या भाषेत?"
"चिखलात पाय घातला का समजतंय."
"दोन दिवस नुसतं मीठ?" सूसम्मा.
"मासली पण गावंल."
"मग ठीक आहे."

मी पेन्सिल त्याच्या हातात दिली.
पट्टीही पुढे केली होती,
मग काय वाटलं, मागे घेतली.
त्याने वाकडीतिकडी एक रेघ काढली,
पाणी जिथे नको म्हणेल तिथे वळणारी,
आणि आतली जागा तशीच सोडली.
ना हॉटेल, ना तास, ना रंग.
माझ्या हाताला सवयीने वाटलं,
कोपऱ्यात प्लॉट नंबर घालावा.
हात मांडीखाली घेतला.

मग व्हिसाचे फॉर्म.
पत्ता : मुक्काम शहाबाज, बेलापूर.
सेक्टर : त्याने कोरा ठेवला.
"रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही," प्रफुल्ल म्हणाला.
"भरतीला येल हाय अजून," हिराजी म्हणाला.
"तवर चाय ठेव."