बारा म्हातारे

गासडी फोडताना बोलायचं नसतं.
कर्ज काढून घेतलेली, पंचावन्न किलोंची,
आत काय आहे ते फक्त दाबणाऱ्या यंत्राला ठाऊक.
मी पट्टी कापली, आणि कांतामांतोच्या गल्लीत
कपडे फसफसून वर आले,
घरात दाबून ठेवलेलं भांडण यावं तसे.

वरच्या थरात दोन बरे झगे.
मग उसवलेल्या काखा, मेणाचे डाग,
एक पाय आखूड अशी विजार,
आणि मग तो:
पांढऱ्या टी-शर्टवर छापलेला गोरा म्हातारा,
गालाला खळी, डोक्यावर कागदी टोपी,
खाली लिहिलेलं, ‘ग्रॅहॅम सत्तरीत!’
एक उचलला, खाली दुसरा.
मोजले. बारा.
बाराही गळे कोरे, घामाचा मागमूस नाही.
एका संध्याकाळपुरते घातलेले.

आमच्याकडे माणसाचा चेहरा कापडावर छापतात
तो माणूस गेल्यावर.
आणि या कपड्यांना बाजार म्हणतो ओब्रोनी वावू,
गोरा मेला.
जुन्या लोकांना वाटायचं,
जिवंत माणूस इतकं धड कापड टाकेल कशाला?
शेजारचा शिंपी अग्बेको म्हणाला,
“कोरकोर, तेरावा त्याच्या अंगावर असेल, पुरताना.”
सगळे हसले. मी जरा उशिरा हसले,
हप्ता शनिवारचा होता.

म्हातारा कोणी घेतला नाही.
पुसणं करावं तर पाणी पीत नाही,
ठिगळ लावावं तर सुई घसरते.
संध्याकाळी झाडूवाला पोऱ्या
बाराही जणांना गाठोड्यात बांधून घेऊन गेला.
दोन सेडी दिले त्याला,
कुठे टाकतो हे न विचारण्याचे.

चोरकोरच्या किनाऱ्यावर माझा भाऊ जाळं ओढतो.
मंगळवारी नाही.
मंगळवारी समुद्र स्वतःचा असतो.
बुधवारी पहाटे दोर असा जडावला
की ओढणाऱ्यांनी गाणं थांबवलं
आणि मनातल्या मनात मासळी विकूनही टाकली.
वाळूवर आला तो एक पिळा,
बाह्या पायांत, पाय नाड्यांत,
होडीएवढा लांब,
कुणी धुणं पिळून वाळत घालायला विसरावं तसा.
आणि त्यातून वर बघणारा एक चेहरा.

आयिक्वेई ओरडला.
बुडालेला माणूस समजून
त्यानं हातानं वाळू बाजूला केली,
हळू, डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

मला सांगत होता तेव्हा मी विचारलं,
“कागदी टोपी होती का?”
तो माझ्याकडे बघत राहिला.

वडीलधाऱ्यांनी ठरवलं,
चेहरा आहे, तर नुसता फेकायचा नाही.
अक्पेतेशीचे चार थेंब जमिनीवर सोडले,
नाव घेतलं, जमेल तसं, ग्रा-हाम,
आणि नारळाखाली पुरला.
तिसऱ्या भरतीला तो वर आला.
पुन्हा पुरला. पुन्हा आला.
खळी तशीच, अक्षरं तशीच.
समुद्रानं टोपीचा लाल रंग
तेवढा थोडासा नेला.

कुठंतरी असेलही तो अजून,
एकाहत्तरीचा, चहा ढवळत,
इथे आपल्याला दोनदा माती दिली
याची गंधवार्ता नसलेला.

शनिवारी मी अर्धा हप्ता भरला.
अजून अकरा यायचेत.

गुरुवारी नवी गासडी.
हल्ली पट्टी कापण्याआधी
मी एकदा ठोठावते.