शेजार

कोसंबीच्या ग्रामपंचायतीत, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांखाली
राऊटर. त्याच्या पाठीवर पालीची दोन अंडी.
ती कागदावर घेऊन मी खिडकीत ठेवते, मग निळी वायर खोचते.
कोतवाल देवाजी नन्नावरे टॉर्च धरून उभे.
अंगणात मोहफुलं वाळताहेत, वास पार आतपर्यंत.

"काय म्हनते जी मशीन?"
हॅलो म्हणते. दर दहा सेकंदांनी, शेजारच्या गावाला.
चाळीस सेकंद उलट हॅलो आलं नाही
तर शेजारी मेला असं धरून चालते.
"चाळीसच?" ते हसतात, उजेड भिंतभर हलतो.
"आमच्याकडं तेरवी जेवून बी लोक इचारतात, खरंच गेला का जी?"

इथे कुणी कुणाला वाट सांगत नाही, मी म्हणते.
प्रत्येक गाव फक्त आपली वेस सांगतं:
पलीकडे कोण, तिथवर जायला काय पडतं.
ती दवंडी गावोगाव जाते, एक शब्द न बदलता,
आणि मग ज्यानं त्यानं आपल्या घरी बसून
अख्ख्या तालुक्याचा नकाशा काढायचा.

"न बदलता," देवाजी म्हणतात. "हे नाई जमलं आमाले.
मी पोलिओ म्हनलो,
सावरगावले जाईपर्यंत त्याचा पोळा झाला."

पण कोसंबी आणि सावरगाव अडलेत.
हॅलो पोचतंय. ओळख आहे.
त्यापुढे नाही. पडद्यावर तासभर तीच ओळ.
केबल बदलते. शून्य क्षेत्र तपासते. परवलीचा शब्द, तोही बरोबर.
"बांध्यावरून भांडन हाय का काही?"

मग दिसतं.
पाकिटाचं माप इकडे पंधराशे, तिकडे सोळाशे.
हॅलोची चिठ्ठी कुणी मोजत नाही.
नकाशाची वही निघाली की वर माप लिहिलेलं असतं,
आपल्याहून मोठं दिसलं की हा ती हातातच घेत नाही.
कोण गाढवानं सोळाशे टाकले?
खाली टिपण आहे, मागच्या वैशाखातलं: वि. गेडाम.

म्हणजे मी.

देवाजींना इंग्रजी येत नाही, तरी ते दुसरीकडे बघतात.
मी बदलते. वह्या उघडतात, भराभर, दोन्हीकडून.

"नाल्यावरच्या तारेची किंमत काय लावली?"
दहा. तीच जवळची.
"पावसात ते तुटत नाई जी. लटकते.
घडीभर आहे, घडीभर नाई.
पुरी मेली त परवडते."

मी दहा पुसून साठ टाकते.