राखीव

मार्चमधली कोरडी सकाळ. शेटलंडात अशा सकाळी
वर्षाला मोजून पाचसहा.
लाउरी आला, काखेत तीन हॉर्सपॉवरचं इंजिन
पोत्यात गुंडाळलेलं,
आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू आणावं तसं.

"कुठे बसेल हे?" मी विचारलं.
तो माझ्या रबरी बोटीभोवती दोनदा फिरला.
हवा भरलेल्या कुशीवर टिचकी मारून कान दिला,
पाव आतून भाजलाय का ऐकावं तसा.

मागच्या फळीच्या मधोमध मोठं इंजिन, पंधराचं,
थोरल्या जावेच्या थाटात बसलेलं.
धाकटीच्या वाट्याला कडेची वीतभर जागा.
"मोठी वळली की तिचा पंखा
हिला लागता कामा नये," तो म्हणाला.
"बाकी नांदतील दोघी.
रोज बोललंच पाहिजे असं नाही."

माशांच्या जुन्या पेटीचं झाकण कापून
त्याने फळीला आतून-बाहेरून पाट्या दिल्या.
एका कडेला खवले तसेच होते, चमकत.
पंखा चार बोटं तरी बुडायला हवा,
नाहीतर हवा पिऊन नुसता ओरडेल.
दोन मळसूत्री खिट्ट्या, आधी हाताने, मग पाव वेढा.
वर साखळी.
"खिट्टी सुटली तर समुद्र विचारून घेत नाही."

ऑक्टोबरची गोष्ट आम्ही दोघांनीही काढली नाही.
पेट्रोलात पाणी गेलं होतं. इंजिन तीनदा खोकलं आणि गप्प.
ओहोटीने मला दक्षिणेला ओढलं,
त्या खडकाळ बेटाजवळून, जिथे माझ्याच चौदा मेंढ्या
रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या.
वल्ही मारली. गादी वल्हवून बघा कधी.
चाळीस मिनिटं.
मग भूशिराआडून त्याची निळी बोट.
त्याने दोर फेकला, धक्क्यापर्यंत अवाक्षर नाही.
उतरताना एवढंच: "पेट्रोल गाळून घेत जा, ओस्ला."
याला कळलं कसं,
हे विचारायचं मला सुचलं नाही.

बोट पाण्यात ढकलली तर ढुंगण टेकून बसली,
नाक आभाळात.
पेट्रोलचा डबा पुढे नेला. नांगर पुढे नेला.
शेवटी लाउरीच पुढे जाऊन बसला
आणि बोट माणसात आली.

खाडीच्या मध्यावर म्हणाला, "बंद कर मोठं."
एकदम इतकी शांतता
की किनाऱ्यावरची बदकं कुजबुजताना ऐकू आली.
दोरी ओढली. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
तिसऱ्यांदा खांदा लचकला,
चौथ्यांदा निळा धूर, शिवणयंत्रासारखी टकटक,
आणि आम्ही निघालो
बाजाराची पिशवी घेतलेल्या बाईच्या चालीने.

"इथलं पाणी पाच मैलांनी धावतं, हे तीनने," तो म्हणाला.
"वजाबाकी कर."
"मग याचा उपयोग काय?"
"घरी नाही आणणार हे तुला. प्रवाहाला आडवं धरायचं.
खडक तेवढे चुकतात.
तोवर कुणीतरी बघतं, कुणीतरी येतं."

"कुणीतरी म्हणजे तूच ना," मी हसले.

त्याने पेट्रोलच्या डब्याचं झाकण
आधीच घट्ट होतं ते आणखी घट्ट केलं.
"एप्रिलपासून मी खिडकीत नसेन.
मुलगी ॲबर्डीनला बोलावतेय. डोळे गेलेत माझे.
दुर्बिणीतून मेंढी आणि दगड
सारखेच दिसतात आता."

मी मोठं इंजिन परत चालू केलं नाही.
तीनच्याच चालीने धक्का गाठला, पाऊण तास लागला.
कुणी काही बोललं नाही.

तो वर घराकडे गेल्यावर
त्याने सांगितलं होतं म्हणून
खिट्ट्या पुन्हा तपासल्या.
दोन्ही फिरल्या, पाव वेढ्याहून थोड्या जास्तच.
लाकूड दबलं होतं.